अर्ध्या मैदानाचा कारभारी

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे साखळी सामने जानेवारीच्या आरंभी संपतात आणि दुसऱ्याच दिवसापासून बडतर्फी आणि नेमणुका यांचा हंगाम सुरू होतो. नॅशनल फुटबॉल लीगच्या ३२ संघांपैकी पाच-सात संघांचे मालक आपल्या मुख्य प्रशिक्षकाला निरोप देतात. आणि रिकाम्या झालेल्या त्या आसनासाठी ज्यांची नावे सर्वांत आधी उच्चारली जातात ते बहुधा त्या वर्षी गाजलेल्या एखाद्या संघाचे समन्वयक असतात, म्हणजे ज्यांनी आखलेल्या आक्रमणाने गुणांची लयलूट केली किंवा ज्यांनी रचलेल्या बचावाने प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणले असे, अद्याप दुय्यम हुद्द्यावर असलेले कर्तबगार आणि महत्त्वाकांक्षी गृहस्थ. मालकाचा तर्क सरळ असतो: ज्याने अर्धा संघ इतक्या उत्तम रीतीने चालविला, त्याच्या हाती सगळा संघ निर्धास्तपणे सोपवावा. गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासावर हा तर्क घासून पाहिला, तर तो कोठे टिकतो आणि कोठे झिजतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी या खेळाचे नाते नावापुरतेच. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्डांची मजल मारण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो, आणि पुढची चाल मांडून सुरू करण्यास चाळीस सेकंदांची मुदत असते. खेळ असा तुकड्यातुकड्यांनी चालत असल्यामुळे प्रत्येक तुकड्याआधी मसलतीला वाव राहतो, आणि त्या मसलतीचे ओझे एका माणसाला पेलण्याजोगे नसल्यामुळे संघाची तीन खाती झाली आहेत: आक्रमण, बचाव, आणि चेंडू पायाने मारण्याच्या प्रसंगी मैदानात उतरणारी विशेष पथके. प्रत्येक खात्यावर एक समन्वयक. आक्रमणाच्या समन्वयकाजवळ सामन्याच्या दिवशी बारीक अक्षरांत छापलेला, प्लॅस्टिकमध्ये मढविलेला एक मोठा तक्ता असतो. आठवडाभर प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती रात्री उशिरापर्यंत पाहून, कोणत्या प्रसंगी कोणती चाल खेळावी याची तजवीज त्याने त्या तक्त्यावर करून ठेवलेली असते. मैदानावर आक्रमणाची सूत्रे हलविणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, शिरस्त्राणातील ध्वनिग्राहकातून तो चाल कळवितो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरली की हा संपर्क आपोआप तुटतो. म्हणजे समोरची मांडणी ओळखणे, तक्त्यावरून नजर फिरविणे, निवड करणे आणि ती शब्दांत सांगणे, एवढे सगळे पंचवीस सेकंदांच्या आत, आणि तेही एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. ते बुद्धीचे काम आहे, स्मरणाचे आहे आणि धैर्याचेही आहे.

परंतु मुख्य प्रशिक्षकाचे काम याच कामाची मोठी आवृत्ती असते, असे समजण्यात मालकांची फसगत होते. समन्वयकाचा विषय म्हणजे पुढची चाल. मुख्य प्रशिक्षकाचा विषय म्हणजे ५३ खेळाडू, वीसएक सहायक, एक धनाढ्य आणि अधीर मालक, रोज प्रश्न घेऊन उभे राहणारे पत्रकार, दुखापतींची यादी, करारांची रक्कम, आणि सलग तीन पराभव झाल्यावर बुधवारी सकाळी सरावाला येणाऱ्या माणसांची मनःस्थिती. सामना चालू असताना टाइम-आउट केव्हा घ्यावा, पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यावे की नाही, चौथ्या संधीला धोका पत्करावा की चेंडू लाथाडून द्यावा, हे निवाडे त्याचेच. लग्नघरातला आचारी कितीही निष्णात असला, तरी व्याह्यांची समजूत काढणे आणि हजार माणसांची पंगत वेळेवर उठविणे हे यजमानाचे काम त्याला केवळ पाककौशल्याच्या बळावर साधत नाही, हे आपण व्यवहारात जाणतो. मग खेळाच्या बाबतीतच ते विसरले का जावे?

या कहाणीचा आरंभ मात्र मालकांच्या तर्काला अनुकूल असाच आहे. १९५४ ते १९५८ या काळात न्यूयॉर्क जायंट्स संघाचा मुख्य प्रशिक्षक जिम ली हॉवेल होता, आणि त्याच्या हाताखाली आक्रमणावर व्हिन्स लोम्बार्डी व बचावावर टॉम लॅन्ड्री असे दोन पुरुष एकाच वेळी काम करीत होते. समन्वयक हा हुद्दा त्या वेळी कागदोपत्री रूढ झालेला नव्हता, पण काम तेच. १९५६ साली जायंट्सनी अजिंक्यपद मिळविले. पुढे लोम्बार्डी १९५९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. आदल्या हंगामात त्या संघाला बारा सामन्यांत एकच विजय मिळाला होता. लोम्बार्डीने पहिल्याच वर्षी सात सामने जिंकले आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळविली. लीगच्या अंतिम सामन्याचा, म्हणजे सुपर बोलचा, चषक आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. लॅन्ड्री १९६० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या डॅलस काउबॉइजकडे गेला आणि पुढील २९ हंगाम तेथेच राहिला. त्यांपैकी १९६६ पासूनचे सलग वीस हंगाम असे, की ज्यांत पराभवांपेक्षा विजयांची संख्या अधिक.

मात्र ही दोन उदाहरणे जवळून पाहिली, की त्यांत दोन अशा गोष्टी आढळतात ज्या पुढच्या मालकांनी फारशा ध्यानी घेतल्या नाहीत. लोम्बार्डी ग्रीन बेला गेला तो प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा दोन्ही अधिकारांसह. खेळाडू निवडण्याची मुखत्यारी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे होती, आणि बचावाचे सारे खाते त्याने फिल बेंग्स्टन या सहायकाकडे सोपविले होते. लॅन्ड्रीच्या बाबतीत मालकाचा धीर मोलाचा ठरला. डॅलसने पहिल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. पहिल्या चार हंगामांतील ५४ सामन्यांत विजय अवघे तेरा. अशा वेळी, १९६४ च्या आरंभी, क्लिंट मर्चिसन या मालकाने लॅन्ड्रीला बडतर्फ करण्याऐवजी त्याचा करार दहा वर्षांनी वाढविला. आजच्या मालकांपैकी किती जणांच्या अंगी हा धीर आहे? आणि ज्या बेंग्स्टनचा बचाव लोम्बार्डीच्या अजिंक्यपदांचा अर्धा आधार होता, तोच १९६८ मध्ये लोम्बार्डीच्या आसनावर बसला तेव्हा, संघ जवळजवळ तोच असूनही, तीन हंगामांत त्याला वीस विजय आणि एकवीस पराभव यांपलीकडे जाता आले नाही. खेळाडूंचे वय वाढले होते हे खरे, आणि लोम्बार्डीनंतर उभे राहणे कोणालाही जडच गेले असते हेही खरे.

समन्वयकपदाचा परमोत्कर्ष आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच माणसात पाहावयाची असतील, तर बडी रायनकडे वळावे लागते. शिकागो बेअर्सच्या बचावाची सूत्रे १९७८ पासून त्याच्याकडे होती. १९८१ च्या हंगामात मुख्य प्रशिक्षकाची गच्छंती अटळ दिसू लागली तेव्हा बचावाच्या खेळाडूंनी वृद्ध मालक जॉर्ज हॅलस याला पत्र लिहून विनंती केली, की आणखी काहीही बदला, पण रायनला ठेवा. हॅलसने विनंती मानली, आणि नवा मुख्य प्रशिक्षक माइक डिटका आला तो रायनला वगळण्याचा अधिकार नसतानाच. रायनने घडविलेला ‘४६’ नावाचा बचाव, ज्याला डग प्लँक या खेळाडूच्या पाठीवरील आकड्यावरून ते नाव पडले, प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर इतक्या दिशांनी आणि इतक्या संख्येने माणसे सोडीत असे, की चेंडू फेकण्यापूर्वी विचार करण्यास त्याला उसंतच मिळू नये. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये बेअर्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा उडविला आणि त्या दिवशी मुख्य प्रशिक्षकाप्रमाणेच समन्वयकालाही खेळाडूंनी खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. हा मान कोणा दुय्यम अधिकाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सने रायनला मुख्य प्रशिक्षक नेमले. तेथे त्याने पाच हंगाम काढले, बचाव पुन्हा भयंकर केला, आणि १९८८ पासून सलग तीन वर्षे संघाला बाद फेरीपर्यंत नेले. पण तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात संघ हरला. अडचण कोठे होती? आक्रमणाकडे पाहण्याची त्याची दृष्टी परक्याची होती. रँडल कनिंगहॅमसारखा विलक्षण क्वार्टरबॅक हाती असताना त्याच्याभोवती नीट रचना उभी करण्याचे काम मागेच पडले. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप पुकारला आणि मालकांनी बदली खेळाडू उतरविले, तेव्हा रायनने उघडपणे आपल्या संपकरी खेळाडूंची बाजू घेतली आणि बदली संघाची हेटाळणी केली. त्या संघाने तिन्ही सामने गमावले. खेळाडूंनी त्याच्यावर जीव टाकला तो यामुळेच, आणि मालकाच्या मनातून तो उतरला तोही यामुळेच. माणूस म्हणून मला रायनची ही निष्ठा आवडते. परंतु मुख्य प्रशिक्षकाला दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहावे लागते, आणि रायन आयुष्यभर एकाच बाजूला उभा राहिला. हे किती खरे होते याचा दाखला जानेवारी १९९४ मध्ये सबंध अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिला. त्या वेळी तो ह्यूस्टन ऑयलर्सच्या बचावाचा समन्वयक होता. आक्रमणाचा समन्वयक केविन गिलब्राइड याच्या चेंडू फेकण्याच्या हट्टामुळे आपल्या बचावाला विनाकारण मैदानात उतरावे लागते, या रागाने त्याने सामना चालू असतानाच, आपल्याच संघाच्या कडेला, गिलब्राइडवर ठोसा उगारला. संघ एकच होता. पण रायनच्या लेखी प्रतिपक्ष दोन होते.

डिक लेबो याची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. बचावाच्या शास्त्रात त्याच्याइतके मौलिक विचार फार थोड्यांनी केले. सिनसिनाटीचा मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र त्याच्या नावावर बारा विजय आणि तेहतीस पराभव लागले, आणि तेथून सुटून पुढे तो पिट्सबर्गमध्ये आपल्या जुन्या खात्यावर परतल्यावर त्या संघाने दोन सुपर बोल जिंकले. नॉर्व्ह टर्नरने १९९२ आणि १९९३ या दोन हंगामांत डॅलसच्या आक्रमणाला अजिंक्यपदापर्यंत नेले, आणि त्यानंतर तीन संघांचा मुख्य प्रशिक्षक राहूनही त्याचे पराभव विजयांपेक्षा अधिकच भरले.

येथे एका हिशेबाचे भान ठेवले पाहिजे, नाही तर समन्वयकांवर अन्याय होईल. लीगमधील प्रत्येक सामन्यात एक संघ जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. त्यामुळे सर्व प्रशिक्षक मिळून विजयांचे प्रमाण निम्म्यावरच राहणार, मग नेमणूक कोणाचीही करा. शिवाय आसन रिकामे होते ते बहुधा दुबळ्या संघात, आणि समन्वयक उचलला जातो तो बहुधा बलाढ्य संघातून. म्हणजे बढती मिळालेला माणूस सुस्थितीतून दुरवस्थेत जातो, आणि जे खेळाडू त्याच्या कीर्तीचे मूळ होते ते मागे राहतात. २०१३ साली डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या आक्रमणाने ६०६ गुण मिळवून लीगचा विक्रम केला, आणि समन्वयक अ‍ॅडम गेस याचे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्या आक्रमणाचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता, जो मैदानावर उभा राहून समोरची मांडणी पाहत पाहत स्वतःच चाल बदलीत असे. गेसला पुढे मायामीत तीन हंगामांत २३ विजय आणि २५ पराभव, आणि न्यूयॉर्क जेट्सकडे दोन हंगामांत नऊ विजय आणि २३ पराभव पाहावे लागले. गेस अज्ञ होता असे मी म्हणणार नाही. त्या ६०६ गुणांपैकी किती त्याच्या खाती जमा करावयाचे, हा प्रश्न नेमणूक करणाऱ्यांनी पुरेसा विचारला नाही, एवढेच दिसते.

तोच डेन्व्हर संघ २०२२ मध्ये स्वतः फसला, आणि या वेळची फसगत सबंध देशासमोर एका मिनिटात उघडी पडली. नथॅनिएल हॅकेट ग्रीन बेमध्ये तीन वर्षे आक्रमणाचा समन्वयक होता आणि त्यांपैकी दोन वर्षे त्याचा क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मात्र प्रत्यक्ष चाल पुकारण्याचे काम तेथे मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लरच करीत असे. हॅकेट डेन्व्हरला आला आणि १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिअ‍ॅटलमध्ये त्याचा पहिला सामना झाला. डेन्व्हर एका गुणाने मागे, सुमारे एक मिनिट बाकी, चौथी संधी, पाच यार्ड हवेत, आणि हाती तीन टाइम-आउट. अशा वेळी काय करावयाचे ते ठरविण्याचा अधिकार केवळ एका माणसाचा असतो, आणि तो माणूस घड्याळ पळताना पाहत राहिला. वीस सेकंद उरली तेव्हा त्याने खेळ थांबविला, आणि ज्या क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी संघाने अपार मोल मोजले होते त्याला बाजूला ठेवून ६४ यार्डांवरून फील्ड गोल मारण्याचा हुकूम केला. इतक्या लांबून चेंडू क्वचितच पार होतो. तो डावीकडून गेला आणि डेन्व्हर १७-१६ असे हरले. पुढच्याच आठवड्यात, घरच्या मैदानावर, चाल वेळेवर सुरू व्हावी म्हणून प्रेक्षकांनीच घड्याळातली उरलेली सेकंदे एकसुरात मोठ्याने मोजायला सुरुवात केली. संघाने सामना चालविण्यासंबंधी सल्ला देण्याकरिता जेरी रॉसबर्ग या निवृत्त प्रशिक्षकाला तातडीने बोलावून घेतले. पण पंधरा सामन्यांत चारच विजय मिळाल्यावर, नाताळच्या दुसऱ्या दिवशी हॅकेटला निरोप देण्यात आला. चाळीस सेकंदांच्या मुदतीत चाल निवडणे आणि साठ सेकंदांत सबंध सामन्याचा निवाडा करणे ही किती वेगळी कामे आहेत, हे याहून स्पष्ट कोणी दाखवू शकेल असे वाटत नाही.

असे असले तरी समन्वयकाने मुख्य प्रशिक्षक होऊच नये असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण बिल बेलिचिक हे उदाहरण वाटेत उभे आहे. बिल पार्सेल्सच्या हाताखाली जायंट्सच्या बचावाची सूत्रे त्याच्याकडे होती. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये बफेलो बिल्सचे वेगवान आक्रमण रोखण्यासाठी त्याने आपल्याच खेळाडूंना न पटणारी योजना मांडली: बफेलोच्या थर्मन टॉमसला चेंडू घेऊन धावू द्या, शंभराहून अधिक यार्ड मिळवू द्या, पण चेंडू हवेतून लांब जाऊ देऊ नका. टॉमसने १३५ यार्ड काढले, आणि जायंट्स २०-१९ असे जिंकले. त्या योजनेचे टिपण कँटन येथील फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात जतन करून ठेवले आहे. लगेच क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. तेथील पाच हंगामांचा जमाखर्च ३६ विजय आणि ४४ पराभव असा आहे. त्याच परिसरात वाढलेला, लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला क्वार्टरबॅक बर्नी कोसार याला त्याने १९९३ च्या ऐन हंगामात, कौशल्याला ओहोटी लागल्याचे कारण सांगून, काढून टाकले. खेळाच्या दृष्टीने तो निवाडा कदाचित चुकीचा नसेल. परंतु एका शहराला असा निर्णय कसा सांगावा याची रीत त्या वेळी त्याच्याजवळ नव्हती. संघ बाल्टिमोरला हलविला गेला तेव्हा त्याला बडतर्फ करण्यात आले.

त्यानंतर चार वर्षे तो पुन्हा पार्सेल्सच्या हाताखाली, शेवटी जेट्समध्ये, दुय्यम जागी राबला, आणि २००० मध्ये पेट्रियट्सचा मालक रॉबर्ट क्राफ्ट याने, पहिल्या फेरीतील खेळाडू निवडण्याचा हक्क जेट्सला देऊन, त्याला न्यू इंग्लंडला आणले. पहिल्या वर्षी पाच विजय, अकरा पराभव. त्या डिसेंबरात कोणी हिशेब मिटविला असता, तर मुख्य प्रशिक्षक म्हणून ४१ विजय आणि ५५ पराभव एवढीच बेलिचिकची कमाई ठरली असती, आणि बढतीने बिघडलेल्या माणसांच्या यादीत त्याचे नाव कायमचे जाऊन बसले असते. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला, १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी मैदानात आला, आणि दोन दशकांत सहा सुपर बोल झाले. ब्रेडीचा लाभ हा दैवाचा भाग होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि घर बदलल्यावर माणूसही बदलला होता: बचाव त्याने रोमिओ क्रेनेलकडे आणि आक्रमण चार्ली वाइसकडे सोपविले, खेळाडूंच्या निवडीचा अधिकार स्वतःकडे ठेवला, आणि आपले लक्ष सामन्यातील अशा प्रसंगांकडे वळविले ज्यांना एकाही खात्याचा वाली नसतो. ज्या कामात तो सर्वश्रेष्ठ होता ते काम हातावेगळे करण्याची तयारी, हीच मला त्याच्या उत्तरायुष्याची किल्ली वाटते. त्याचे शिष्य त्याच्याकडून करडेपणा शिकले, ही सोडून देण्याची विद्या मात्र त्यांना साधली नाही. क्रेनेल क्लीव्हलंडमध्ये, जॉश मॅकडॅनिअल्स डेन्व्हर आणि लास व्हेगास येथे, मॅट पॅट्रिशिया डेट्रॉइटमध्ये अपेशी ठरले. आणि यांपैकी प्रत्येकाला निवडताना मालकांच्या डोळ्यांसमोर पेट्रियट्सचे चषक होते.

ब्रूस एरिअन्सला ही विद्या फार उशिरा पण पुरती साधली. २०११ च्या हंगामानंतर पिट्सबर्गने आक्रमणाच्या समन्वयकपदावरून त्याला मोकळे केले तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता. इंडियानापोलिसला तो समन्वयक म्हणून गेला, आणि तेथील मुख्य प्रशिक्षक चक पगानो रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडल्यामुळे २०१२ मध्ये बारा सामने त्याला संघ सांभाळावा लागला. त्यांपैकी नऊ त्याने जिंकले. पुढे अ‍ॅरिझोनात मुख्य प्रशिक्षक असताना चाल पुकारण्याचे काम त्याने स्वतःकडे ठेवले होते. टँपा बेला गेल्यावर मात्र ते बायरन लेफ्टविचला दिले, बचाव टॉड बोल्सला दिला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, कॅन्सस सिटीवर ३१-९ असा विजय मिळवून सुपर बोल जिंकला.

मालकांची नजर ज्या तिसऱ्या खात्याकडे सहसा जात नाही त्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विशेष पथकांच्या समन्वयकाला स्वतःचे असे खेळाडू फारसे नसतात. आक्रमणातून काही, बचावातून काही, राखीव फळीतून बरेच, असे उसने घेऊन त्याला काम भागवावे लागते, आणि ते देताना दुसरे प्रशिक्षक कुरकुरतात. सबंध संघाशी रोज बोलावे लागणारा, मुख्य प्रशिक्षकाव्यतिरिक्त, तोच एक. जॉन हारबॉ फिलाडेल्फियात नऊ वर्षे हे काम करीत होता. २००८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याच्या संघाने सुपर बोल ३४-३१ असा जिंकला. समोरच्या सॅन फ्रान्सिस्को संघाचा मुख्य प्रशिक्षक त्याचाच धाकटा भाऊ जिम होता, जो महाविद्यालयीन संघ सांभाळून वर आला होता. त्या दिवशी मैदानाच्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या दोघांपैकी एकानेही या लीगमध्ये आक्रमणाचे किंवा बचावाचे समन्वयकपद भूषविलेले नव्हते. त्याच हिवाळ्यात मुख्य प्रशिक्षकाच्या आठ जागा भरल्या गेल्या, आणि त्यांपैकी चार जागी समन्वयकच आले: एक एरिअन्स, आणि दुसरे तीन रॉब चुडझिन्स्की, गस ब्रॅडली आणि माइक मकॉय. चुडझिन्स्कीला क्लीव्हलंडने एका हंगामात काढले, ब्रॅडलीला जॅक्सनव्हिलमध्ये १४ विजय आणि ४८ पराभव मिळाले, आणि मकॉय चार वर्षांनी सॅन डिएगोहून परतला तेव्हा त्याच्या २७ विजयांसमोर ३७ पराभव मांडलेले होते. चौघांपैकी एरिअन्सच तेवढा असा होता, ज्याने नेमणुकीपूर्वी सबंध संघ चालवून दाखविला होता.